लेकीचं बाळंतपण डॅलसला, इन्शुरन्स एचएमओ घ्यावा की पीपीओ?

टिळकवाडी_काका:
नमस्कार मंडळी, बेळगावहून लिहितोय. आमची लेक आणि जावई डॅलसजवळ प्लेनोला असतात, जावई आयटीत आहेत. लेकीचे मार्चमध्ये दिवस भरतात, पहिलंच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी ही आमच्याकडची रीत, हिनं डिंक आळीव कधीचं आणून ठेवलंय, खरं जावयांचा व्हिसा, सुट्टी असं सगळं बघता लेक काय इकडं येत नाही, हीच जाणार तिकडं. ते असो.

आता जावयांच्या कंपनीत पुढच्या वर्षाचा इन्शुरन्स निवडायचं चाललंय, ओपन एनरोलमेंट म्हणतात त्याला, महिनाअखेरपर्यंत सांगायचं आणि मग वर्षभर बदलता येत नाही म्हणे. आतापर्यंत पीपीओ होतं, म्हणजे यादीबाहेरच्या डॉक्टरला पण थोडेफार पैसे देणारं. यंदा कंपनीनं एचएमओ पण आणलंय, म्हणजे ठरलेल्या यादीतल्याच डॉक्टरांचं, आणि त्याचा हप्ता जवळजवळ निम्मा. जावई म्हणतात स्वस्तातलं घेऊ, लेक म्हणते माझी डॉक्टर सुटली तर मी ऐन वेळी कुठं फिरू, आणि दोघांनी मिळून पीडीएफ मला पाठवलीय, का तर माझा जन्म विमा विकण्यात गेला. अहो खरं आमचा विमा म्हणजे कॅशलेस, टीपीए, रूम रेंट, वेटिंग पीरियड म्हणजे सुरुवातीचा काही काळ क्लेम मिळत नाही तो. ह्या पीडीएफात त्यातलं काहीच नाही, नुसतं कोपे म्हणजे दर भेटीला ठरलेली रक्कम, डिडक्टिबल म्हणजे कंपनी द्यायला लागायच्या आधी आपण भरायचे ते, आणि टक्के.

मला कळत नाही ते एवढंच. एचएमओत म्हणे आधी एका ठरलेल्या डॉक्टरकडं जाऊन चिठ्ठी घ्यायची, मग बाळंतपणाच्या प्रत्येक तपासणीला पण चिठ्ठी का? दुसरं, दिवस गेलेले असताना प्लॅन बदलला तर नवीन कंपनी वेटिंग पीरियड दाखवून हात वर करणार नाही ना? आणि रात्री-अपरात्री कळा आल्या आणि जवळचं हॉस्पिटल लिस्टात नसलं तर? लेकीला थायरॉइड पण आहे, त्याचा डॉक्टर वेगळा. जाणकारांनी तेवढं सांगा.

निपाणीची_पोर:
काका, मी ह्यूस्टनला एका क्लिनिकात बिलिंग बघते, म्हणजे दिवसभर हेच पुराण. आधी तुमची भीती काढते. गरोदर आहे म्हणून कंपनीचा प्लॅन नाही म्हणू शकत नाही आणि वेटिंग पण लावू शकत नाही. जुना आजार दाखवून अडवणं २०१४ पासून इथं कायद्यानंच बंद आहे, त्यामुळं तुमच्याकडचे ते तीन-तीन वर्षांचे वेटिंग पीरियड इथं डोक्यातनं काढून टाका, थायरॉइडला पण ते लागू नाही.

चिठ्ठीचं म्हणाल तर एचएमओत एक प्रायमरी केअर डॉक्टर नेमायचा असतो, पीसीपी म्हणतात, आणि स्पेशालिस्टकडं जायचं तर त्याचं रेफरल लागतं, हे खरं आहे. पण बायकांच्या डॉक्टरला म्हणजे ओबी-गायनला त्यातनं सूट आहे, नेटवर्कमधली म्हणजे प्लॅनच्या यादीतली असली की थेट जाता येतं, चिठ्ठी नाही काही नाही, कायदाच तसा आहे. तेव्हा तपासण्या आणि डिलिव्हरी ह्यात रेफरलचं लचांड नाही. अडेल तर थायरॉइडला अडेल, कारण एंडोक्रायनॉलॉजिस्ट हा स्पेशालिस्ट, तिथं पीसीपीची चिठ्ठी लागणार.

कळा, इमर्जन्सी ह्याचं पण तसंच. खरी इमर्जन्सी असली तर जवळच्या कुठल्याही इमर्जन्सी रूममध्ये जायचं, एचएमओला ते द्यावंच लागतं, आधी परवानगी लागत नाही. आणि १ जानेवारी २०२२ पासून नो सरप्रायझेस ॲक्ट आलाय, त्यामुळं नेटवर्कबाहेरच्या इमर्जन्सीतलं वरचं बिल पेशंटच्या गळ्यात मारता येत नाही. नेटवर्कच्या हॉस्पिटलात डिलिव्हरी झाली आणि भूल देणारा डॉक्टर तेवढा बाहेरचा निघाला, हे आधी लई व्हायचं, ते पण त्यात बंद झालं. फक्त रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स त्या कायद्यात नाही हे ध्यानात ठेवा. हेलिकॉप्टर आहे, ॲम्ब्युलन्स नाही! कुणी ठरवलं देव जाणे. कळा सुरू झाल्या तर जावयांनी आपल्या गाडीनंच न्यायचं.

मुख्य गोष्ट अशी की एचएमओत नेटवर्कबाहेर गेलं तर इमर्जन्सी सोडून शून्य मिळतं. पीपीओत बाहेर गेलं तरी काहीतरी मिळतं, पण कमी, वेगळं आणि मोठं डिडक्टिबल भरल्यावर, आणि ते पण कंपनी जेवढी रक्कम योग्य धरते तेवढ्याच्या टक्क्यात. डॉक्टरनं त्याच्या दुप्पट लावले तर वरचे तुमचे. त्यामुळं पीपीओ म्हणजे कुठंही जा असं समजून लोक जातात आणि मग आमच्या काउंटरवर येऊन भांडतात.

पीडीएफातले आकडे टाका की इथं. आणि लेकीची डॉक्टर आणि हॉस्पिटल दोन्ही एचएमओच्या लिस्टात आहेत का ते आधी बघायला सांगा, दोन्ही वेगवेगळं बघायचं हं, डॉक्टर असते आणि ती जिथं डिलिव्हरी करते ते हॉस्पिटल नसतं असं होतं.

कॅम्पातला_बंड्या:
काका डोळे झाकून पीपीओ घ्या. मी न्यू जर्सीत आहे. आधीच्या कंपनीत एचएमओ होतं, फुटबॉल खेळताना गुडघा गेला, पीसीपीची अपॉइंटमेंट मिळायला वेळ, त्यानं आधी फिजिओ करा म्हणून सांगितलं, मग एमआरआयची परवानगी, मग ऑर्थोचं रेफरल, तोपर्यंत गुडघा आपोआप बरा व्हायची वेळ आली. पैसे वाचतात ते खरं, डोकं फिरतं त्याचं काय. पहिल्या बाळाच्या वेळी कुठं काटकसर करायलाय जावई.

निपाणीची_पोर:
बंड्या, एमआरआयची परवानगी पीपीओत पण लागते रे. प्रायर ऑथोरायझेशन सगळीकडं आहे. रेफरल वेगळं आणि ऑथोरायझेशन वेगळं.

कॅम्पातला_बंड्या:
बरं बाई. तरी पीपीओच.

खानापूर_ते_सॅक्रामेंटो:
माझं मत उलटं आहे. मी कॅलिफोर्नियात, आमच्याकडं कैसर, ते एचएमओच, दोन्ही पोरं त्यातच झाली. डॉक्टर, लॅब, औषधाचं दुकान, हॉस्पिटल सगळं एकाच छताखाली, कागद इकडून तिकडं न्यायचं काम नाही, बिल म्हणून जे येतं ते ठरलेला कोपे. जहाजं आणि धरणं बांधणाऱ्या कैसर नावाच्या उद्योगपतीच्या कामगारांसाठी सुरू झालं ते, १९४५ ला बाकीच्या लोकांना उघडलं. एचएमओ ह्या कल्पनेला सरकारी पाठबळ त्याच्या लई नंतर, १९७३ ला निक्सनच्या वेळी कायदा झाला तेव्हा. पण कैसर टेक्सासात नाही. म्हणजे जावयांना मिळणारं एचएमओ त्यातलं नव्हे, ते बहुतेक नेहमीच्याच खाजगी डॉक्टरांची आखूड यादी असणार. म्हणून कुणी सांगितलं एचएमओ बेस्ट किंवा एचएमओ बेकार, तर आधी त्याला विचारा की कुठल्या राज्यात राहतोस बाबा.

पीसीपी कंजूषपणा का करतो तेही सांगतो. बऱ्याच एचएमओत त्याला दर महिन्याला प्रत्येक पेशंटमागं ठरावीक रक्कम मिळते, पेशंट येऊ दे नाहीतर न येऊ दे. पीपीओत जेवढं काम तेवढं बिल, तिथं उलटा प्रकार, एका तपासणीला तीन तपासण्या.

चिकोडीचा_मास्तर:
मी अमेरिका बघितलेली नाही, खरं वरचं वाचून मला वाटतं काकांना हे समजायला प्लेनोला जायची गरज नाही. एचएमओ म्हणजे आपलं आरोग्य कर्नाटक कार्ड. २०१८ ला आयुष्मान भारतला जोडलं ते. कार्ड असलं म्हणून तुम्ही सरळ खाजगीत जाऊन झोपलात तर कोण विचारत नाही, आधी सरकारी दवाखाना, तिथं होत नाही म्हणून लिहून दिलं तर बेळगावच्या बिम्स ह्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधनं रेफरल, मग यादीतल्या हॉस्पिटलात. इमर्जन्सी असली तर तेवढी सूट. बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलवाल्याला पॅकेजच्या ३० टक्के. सरकारी योजना आणि कंपनीचा विमा एक नव्हे हे मान्य, खरं चिठ्ठी, यादी आणि इमर्जन्सीची सूट, सांगाडा तोच की.

आणि आमच्या भागात जरा मोठं दुखणं आलं की माणूस गाडी काढून मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतो. कुणाची चिठ्ठी नाही, खिशातनं द्यायचे आणि मग मिळेल ते क्लेम करायचं. ते तुमचं पीपीओचं नेटवर्कबाहेर जाणं. आता २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरनं बेंगळूरनं किती आरडाओरडा केला सगळ्यांना माहीत आहे. इथं माणूस कुठल्या राज्याच्या यादीत आहे त्यावर त्याचा दवाखाना ठरतो, तिकडं कुठल्या कंपनीच्या यादीत आहे त्यावर.

कॅम्पातला_बंड्या:
मास्तर सीमाप्रश्न आणलाच का शेवटी 😄

चिकोडीचा_मास्तर:
आणला नाही, तो असतोच तिथं.

टिळकवाडी_काका:
मास्तर, बिम्सची चिठ्ठी म्हटल्यावर माझ्या बायकोला पण एका वाक्यात कळलं, आभार. आता लेकीकडनं माहिती काढली ती टाकतो. डॉक्टर आणि हॉस्पिटल दोन्ही दोन्ही प्लॅनमध्ये आहेत, लेकीनं वेबसाइटवर बघितलं. थायरॉइडचा डॉक्टर एचएमओत नाही.

आकडे, नवराबायको दोघांचे धरून. एचएमओ हप्ता महिना २६० डॉलर, डिडक्टिबल प्रत्येकी ५००, मग २० टक्के आपण, आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम एका माणसाला ४,५०० आणि कुटुंबाला ९,०००. पीपीओ हप्ता ५१०, डिडक्टिबल प्रत्येकी १,०००, मग २० टक्केच, मॅक्सिमम ४,००० आणि ८,०००, नेटवर्कबाहेरचं वेगळं आणि ते १०,००० च्या वर जातं. एवढा हप्ता जास्त देऊन डिडक्टिबल दुप्पट, हा कुठला न्याय?

निपाणीची_पोर:
हप्ता जास्त तो मोकळीक विकत घेतल्याबद्दल काका, डिडक्टिबलचा त्याच्याशी संबंध नाही.

आता एक लक्षात घ्या, बाळंतपण म्हणजे इथं हजारोंचं बिल. नॉर्मल झालं काय आणि सिझर झालं काय, लेक त्या वर्षी मॅक्सिममच्या आसपास जाणारच असं धरून चालायचं. आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम म्हणजे डिडक्टिबल, कोपे, टक्के सगळं मिळून एका वर्षात तुमच्या खिशातनं जास्तीत जास्त जाणारी रक्कम, नेटवर्कमधली, त्याच्या पुढचं सगळं कंपनीचं. सरकार त्याला वरची हद्द घालतं, २०२५ ला एकट्याला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० होती, दरवर्षी बदलते. तुमचे दोन्ही प्लॅन त्याच्या लई खाली आहेत, म्हणजे चांगले आहेत.

तर एचएमओ: वर्षाचा हप्ता ३,१२० अधिक लेकीचे ४,५००, झाले ७,६२०. पीपीओ: ६,१२० अधिक ४,०००, झाले १०,१२०. फरक अडीच हजारांचा, एचएमओ स्वस्त. बाळ झाल्यावर त्याचा हप्ता वाढेल आणि बाळाचं डिडक्टिबल वेगळं सुरू होईल हे दोन्हीकडं आहे. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, न येवो, तर कुटुंबाचं मॅक्सिमम धरा, एचएमओ ३,१२० अधिक ९,००० म्हणजे १२,१२०, पीपीओ १४,१२०. तरी दोन हजारांचा फरक राहतोच.

मग प्रश्न उरतो थायरॉइडच्या डॉक्टरचा. गरोदरपणात थायरॉइडचं रक्त वारंवार बघतात, ते आणि गोळीचा डोस बऱ्याचदा ओबीच सांभाळते. लेकीनं तिच्या ओबीला सरळ विचारावं की तू बघशील का, नाहीतर एचएमओतला दुसरा एंडोक्रायनॉलॉजिस्ट सुचव. जुनाच डॉक्टर पाहिजे असेल तर नवीन कंपनीकडं ट्रान्झिशन ऑफ केअर नावाचा फॉर्म असतो का विचारा, बऱ्याच कंपन्या गरोदर बाईला जुन्या डॉक्टरकडं काही दिवस राहू देतात, पण ते त्यांच्या मर्जीवर.

आणि वेबसाइटवरची यादी बघून थांबू नका. त्या याद्या शिळ्या असतात. दवाखान्यात फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारायचं, नुसतं कंपनीचं नाव सांगितलं तर रिसेप्शनवरची बाई हो म्हणते, कारण कंपनी घेतात ते, हा प्लॅन घेत नाहीत.

खानापूर_ते_सॅक्रामेंटो:
ह्यात एक मार्चचं गणित चांगलं जमलंय. डिडक्टिबल १ जानेवारीला परत शून्यापासून सुरू होतं. डिसेंबर-जानेवारीत दिवस भरले असते तर दोन वर्षांची दोन डिडक्टिबल बसली असती. इथं प्लॅन जानेवारीत बदलतोय, मोठं बिल मार्चचं, उरलेलं वर्ष बाळाचे डोस आणि तपासण्या. बाळाच्या नेहमीच्या तपासण्या आणि लसी नेटवर्कमध्ये फुकट असतात, दोन्ही प्लॅनला. ब्रेस्ट पंप पण प्लॅनमधनंच मिळतो, दुकानात जाऊन घेऊ नका. आणि डिलिव्हरीनंतर नॉर्मलला ४८ तास आणि सिझरला ९६ तास हॉस्पिटलात ठेवायचं कव्हर द्यावंच लागतं, १९९६ चा कायदा आहे. काकूंना आधीच सांगून ठेवा, आपल्याकडं सिझरला आठवडाभर ठेवतात तसं नाही, चौथ्या दिवशी बाळ घरात.

शाहपूरची_सूनबाई:
काकू जाणारेत म्हणता, त्यांच्या इन्शुरन्सचं बघितलं का? ते जावयांच्या प्लॅनमध्ये नाही होत, एचएमओ असो का पीपीओ, सासू-सासरे त्यात घालता येत नाहीत. त्यांना व्हिजिटर इन्शुरन्स वेगळा. माझे सासूसासरे जाऊन आले म्हणून सांगते. त्यात दोन प्रकार, एक फिक्स्ड, प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, स्वस्त पण तिथं त्या रकमेत काही होत नाही, आणि दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, डिडक्टिबलनंतर बराचसा भाग देतो आणि त्याच्याबरोबर पीपीओ नेटवर्क असतं. कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्या. काकूंना बीपी शुगर असलं तर जुन्या आजाराचं साधं औषधपाणी कोणीच देत नाही, फक्त एकदम अचानक बिघडलं तर देतात, ॲक्यूट ऑनसेट म्हणतात, त्याची वयाची अट आणि रक्कम बारीक अक्षरात असते ती वाचा. गोळ्या मुक्कामभर पुरतील एवढ्या इथूनच, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात.

टिळकवाडी_काका:
हिला शुगर आहे. बरं झालं सांगितलं, मी तर तिला कशाला इन्शुरन्स म्हणत होतो, धडधाकट दिसते म्हणून.

लेकीनं आज दवाखान्यात फोन केला, प्लॅनचं पूर्ण नाव घेऊन. डॉक्टर एचएमओ घेते, हॉस्पिटल पण घेतं. थायरॉइडचं ती ओबीच बघते म्हणाली, लागलं तर त्यांच्याच बिल्डिंगमधली दुसरी डॉक्टर आहे ती यादीत आहे, मग पीसीपीची एक चिठ्ठी काढायची. जावई जिंकले म्हणायचे. एचएमओ घेतायत. पीसीपी म्हणून घराजवळचा एक गुजराती डॉक्टर धरलाय.

कॅम्पातला_बंड्या:
काका मी माघार घेतो, खरं पुढच्या वर्षी बघा परत पीपीओवर येतील.

निपाणीची_पोर:
येऊ देत की, दरवर्षी निवडता येतं. काका, एक राहिलं. बाळ झाल्यापासून ३० दिवसांच्या आत जावयांनी कंपनीच्या एचआरला कळवून बाळाचं नाव प्लॅनमध्ये घालायचं. जन्माच्या दिवसापासून कव्हर धरतात, पण ३० दिवस चुकले तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत बाळ बिनइन्शुरन्सचं राहू शकतं. सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक यायची वाट बघत बसू नका, तो नंतर देता येतो. आणि एचएमओत बाळाला पण पीसीपी लागतो, म्हणजे बालरोगतज्ज्ञ, तो यादीतला आत्ताच फेब्रुवारीपर्यंत ठरवून ठेवा, हॉस्पिटलात फॉर्मवर त्याचं नाव विचारतात.

टिळकवाडी_काका:
लिहून घेतलं. ३० दिवसांचं कॅलेंडरवर मी इथंच मार्क करतो, जावयांच्या भरवशावर नको. बारशाचं नाव ठरलं नाही तर तोपर्यंत कुठलं घालायचं फॉर्मवर?

शाहपूरची_सूनबाई:
काका तिथं बाळाचं नाव हॉस्पिटलातनं निघायच्या आधीच जन्मदाखल्याच्या फॉर्मवर भरून घेतात, बाराव्या दिवसाची वाट कोण बघत नाही. काकूंना म्हणावं पाळण्यातलं नाव विमानात बसतानाच ठरवून जा.